कतरीनबाय शाळा निवडते

लोक कॉलेज निवडताना निकाल विचारतात, होस्टेल बघतात. आमची शेजारीण कतरीनबाय नर्सिंगची शाळा निवडताना सरळ तिथल्या पलंगावर जाऊन आडवी व्हायची.

आम्ही बहरीनमध्ये सनाबिसला राहत होतो तेव्हाची, म्हणजे एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कतरीनबाय वसईची. नवरा वारल्यावर इकडे आली आणि एका हॉस्पिटलात आया म्हणून लागली. चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं, निजून असलेल्या रोग्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. बारा वर्षं हेच. थर्मामीटरला मात्र हात लावायची मुभा नाही. त्याला लायसन लागतं.

त्या वर्षी मेट्रनने तिला बोलावून सांगितलं, भारतात जाऊन प्रॅक्टिकल नर्सचा कोर्स करून ये, रजा देते, परत आलीस की नर्स म्हणून घेते. पण शाळांना पस्तिशीच्या आतलीच बाई हवी असते. कतरीनबाय पासपोर्टप्रमाणे चौतीस वर्षांची होती. खरं वय मी विचारलं नाही. यंदा प्रवेश नाही मिळाला, तर जन्मभर आयाच.

दुसऱ्या कुणीही मिळेल ती शाळा पत्करली असती. ही बया रोज संध्याकाळी माहितीपत्रकं घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडायची. इंग्रजी मी वाचायचं आणि तिने लाल पेन्सिलीने वर 'मफी' लिहायचं. 'नाही'साठी आम्हा सगळ्यांच्याच तोंडी बसलेला तो अरबी शब्द.

"पहिल्या पानावर बिल्डिंगचा फोटो? मला काय भिंतींना इंजेक्शनं द्यायचीत? मफी."

"या बघा, सगळ्या पोरी रोग्याकडे पाठ करून फोटोवाल्याकडे बघतायत. मफी."

आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, "कतरीनबाय, तुम्ही शाळा निवडताय की सून?"

"सून चुकली तर एकाच घराचं वाटोळं होतं, भावजी," ती म्हणाली आणि पुढचं पत्रक माझ्याकडे सरकवलं.

शेवटी मेट्रनने मान्य केलेल्या चार शाळा उरल्या. त्या बघायला म्हणून ती महिन्याची रजा टाकून गेली. परत आली ती माझ्याच टेबलावर, वसईच्या सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन, आणि तेव्हा मला तिची परीक्षा घ्यायची पद्धत कळली. शिकवण्याच्या खोलीत जायचं, चपला काढायच्या, पलंगावर डोळे मिटून पडायचं आणि म्हणायचं, "मी अर्धांगाची रोगी. मला कुशीवर वळवा."

पहिल्या शाळेत हिला बाहेर काढायला शिपायाला बोलावलं. दुसरीत दोन मुलींनी एवढा जोर लावला, की ही पलंगाच्या पलीकडे जमिनीवर. कोपरावरचं काळंनिळं तिने मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. तिसरी शाळा मुंबईतली, नावाजलेली. तिथे अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वळवलं.

"मग झालं तर," मी म्हटलं.

"वळवताना रविवारी कुठला सिनेमा बघायचा ते ठरवत होत्या. मी मधे उशीसारखी."

फॉर्म आणला होता तो चौथ्या शाळेचा. कोल्हापूरच्या पुढे कुठेतरी, पत्र्याचं छप्पर, एका खोलीत आठ जणी. मेट्रन सही करणार ती एकाच फॉर्मवर. यांच्या प्लांटमधला एकजण परवा मुंबईला निघणार होता, त्याच्या हाती फॉर्म द्यायचा होता. मला तिचा भयंकर राग आला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? मुंबईची सोडून ही? या वयात पत्र्याखाली राहणार?"

ती सुकेळ्यावरचं पान सोडवत होती, ते तसंच ठेवलं.

"वयनी, तिथे एक पोरगी होती. असेल अठरा-एकोणीसची. तिने आधी आपले हात चोळून गरम केले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, मावशी, आता तुम्हाला वळवते हां. मग पाठीवर हात ठेवला."

"बरं, मग?"

"मग काय, मला उठवेना. बारा वर्षं मी लोकांना वळवतेय, वयनी. घरवाला गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता."

 इतकी वर्षं ती भिंतीपलीकडे राहत होती, रोज माझ्या घरी येत होती. मीही कधी तिच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

मी फॉर्म ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि तिचं नाव लिहायला लागले.

"पोरगी घाबरली बिचारी," कतरीनबाय म्हणाली. "दुखतंय का मावशी, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, हो. नाही म्हटलं असतं तर हात काढून घेतला असता तिने."