लेखनिकासाठी लेखनिक

सावली तालुक्यातल्या एका शाळेत दहावीच्या परीक्षेला लेखनिक हवा असेल, तर विद्यार्थ्याने स्वहस्ते अर्ज करावा असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. दुसऱ्याच्या हाताने कोणी लबाडी करू नये, म्हणून केलेला.

चंदाची लेक दिव्यानी दोन वर्षांपूर्वी चिंचेवरून डोक्यावर पडली. मेंदूला मार बसला. जीव वाचला, पण उजवा हात गेला तो गेलाच आणि डावाही सांगितलेलं ऐकेना. अभ्यास मात्र तोंडपाठ. ती सांगेल ते उतरवून घेणारं कोणीतरी हवं होतं, नाहीतर पोरीचं दहावीचं वर्ष बुडणार होतं.

चंदा शाळेच्या कार्यालयात कारकून बापूराव बाबूंपुढे उभी राहिली. "भाऊ, तिच्यानं लिहणं होत नाई, म्हणून तं लेखनिक पायजे. मंग अर्ज कशी लिहिन ते?"

"अर्ज लिहाले लेखनिक भेटते ना, बाई," बापूराव म्हणाले. माणूस भला होता. "फक्त त्याच्यासाठी येगळा अर्ज लागते."

"तो कोणं लिहाचा?"

"तिनंच."

चंदाचा चेहरा पाहून बापूरावांनी आवाज खाली आणला. "कोणत्या हातानं लिहाचं, हे नियमात नाई. डाव्यानं लिहू द्या. मी आपल्या जबाबदारीवर सांगून राह्यलो."

धानकापणीचे दिवस होते. चंदा रोज बांधीतून आली, की हातपाय धुऊन कागद दाबून धरी आणि दिव्यानी डाव्या हाताने अक्षराशी कुस्ती खेळे. एका वेलांटीला संध्याकाळ जाई. खाडाखोड चालत नसल्याने 'लेखनिक' बिघडला, की पुन्हा 'महोदय'पासून सुरुवात. एकोणिसाव्या दिवशी चार ओळींचा अर्ज तयार झाला. तो वाचताना बापूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वरून शेरा आला : 'अर्ज पाहिला. अक्षर सुवाच्य. विद्यार्थिनीस लिहिता येते, सबब लेखनिकाची आवश्यकता नाही.'

चंदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "चार वळी लिहाले एकोणीस दिवस लागले, भाऊ!"

"मालूम आहे, बाई. म्हणून तं सायबानं वीस मिनिटं जादा देल्ली."

मराठीच्या पेपरला जादा मिनिटं धरूनही दिव्यानीचं पहिलं उत्तर अर्धंच झालं. बाकीची सगळी डोक्यात तशीच घेऊन ती घरी आली आणि आईच्या कुशीत शिरून रडली.

अर्ज लिहितानाचा, घरी येऊन काढलेला तिचा व्हिडिओ शाळेने 'जिद्दीला सलाम' म्हणून आधीच सोडला होता. तो तुमच्याही मोबाईलवर आला होता. तुम्ही डोळे पुसलेत, दहा जणांना पुढे पाठवलात. पोरीला एक हात हवा होता. तुम्ही अंगठा दिलात.