दोन टेकड्यांमधल्या सुया

स्पष्टच सांगते, अंधारात बसायला मी काही वटवाघूळ नाही!

प्रयोगशाळेतलं रामन यंत्र मी चालवते. कॉलेजची पायरी न चढता, यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचून शिकले. लेझरचा हिरवा ठिपका कोळशाच्या भुकटीवर पाडायचा, की परतणाऱ्या उजेडावरून आतल्या अणूंची वीण कळते. पडद्यावर दोन टेकड्या उमटतात. एक नीट विणीची, दुसरी विस्कटलेल्या विणीची.

"बाई, मोजणी चालू असताना छतावरची ट्यूब बंद!" सर येता-जाता बजावायचे.

"हो सर," म्हणायचं आणि त्यांची पाठ वळली की खट्ट, ट्यूब चालू! हातावर हात ठेवून बसू? भाचीचे दिवस भरत आलेले, बाळाचा स्वेटर अर्धवट माझ्या मांडीवर!

ही भाची सरांचीच विद्यार्थिनी, भुकटीही तिचीच. सरांनी तिला तंबी दिलेली, "रजेवर जायच्या आत काहीतरी नवीन दाखव, नाहीतर विषय दुसऱ्याला देतो."

त्या दिवशी खूप तापवलेल्या भुकटीची पाळी होती. छतावरची मिणमिणती ट्यूबही सकाळीच बदलून नवी लखलखीत लावलेली. आणि काय सांगू! टेकड्यांच्या मधोमध दोन टोकदार शिखरं! जणू माझ्या विणायच्या सुयाच खोचलेल्या!

"मावशी, हे काय गं?"

"नवीन!" मी छाती ठोकून म्हणाले.

सरांची पावलं वाजताच मी ट्यूब बंद केली. आलेख पडद्यावर होताच. सर बघतच राहिले. "कार्बनमध्ये असलं कुणी पाहिलेलं नाही!" तासाभरात विभागप्रमुखांपासून चहावाल्यापर्यंत सगळे हजर. फुकटचा सिनेमाच!

पाहुण्यांसमोर मोजणी पुन्हा सुरू झाली. नियमाप्रमाणे अंधारात. सुया गायब!

"बाई, काय बिघडवलंत?"

"मी? हातसुद्धा नाही लावला!" तावातावाने उठले, तर लोकरीचा गुंडा गडगडत टेबलाखाली. शोधायला ट्यूब लावली. सुया हजर! टाळ्या! बंद केली, गायब. लावली, हजर. टाळ्या विरळ होत गेल्या आणि एकेक मान हळूहळू वर, ट्यूबकडे वळली.

ट्यूबचाच उजेड यंत्रात शिरत होता! सरांचा चेहरा भुकटीच्या रंगाचा झाला.

"उद्यापासून तुम्ही आणि तुमची लोकर बाहेर!"

"सर, थांबा!" भाची पोट सावरत पडद्यापाशी गेली. "सुयांच्या नादात टेकड्या कुणी पाहिल्याच नाहीत. ही विस्कटलेली बघा, केवढी खाली बसलीय! तापवल्यावर वीण जुळायला लागलीय."

सर वाकले. जुना आलेख शेजारी धरून टेकड्या ताडून पाहिल्या.

"हं. याच्यावरच लिही. विषय तुझा." मग माझ्याकडे वळून, "आणि बाई, अंधार!"

"अंधार तर अंधार! पण स्वेटर इथंच पुरा होणार!"

झालाही! पोरीच्या उरलेल्या सगळ्या मोजण्या अंधारात केल्या आणि उरलेला स्वेटर चाचपत विणला. शेवटच्या दिवशी मोठ्या ऐटीत तिच्या हातात ठेवला. तिने उलगडला. दोन बाह्यांच्या मधोमध, ऐन छातीवर, तिसरी बाही!

भाचीने गंभीरपणे ट्यूब बंद केली आणि स्वेटर चाचपून पाहिला.

"मावशी, हे मात्र जात नाही गं!"