एक शिकलेली, एक पास झालेली

बुनलुअमच्या पोरीचं वर्ष तुम्ही घालवलंत. ग्रहांनी नाही, नशिबाने नाही, तुम्ही. काचेच्या आत, थंड हवेत बसून "कागद आधी, माणूस मागाहून" असा नियम ज्यांनी काढला, ते तुम्ही. तुमचं नाव कुठल्याच दारावर नाही, म्हणून सुटलो असं समजू नका. कसं घालवलंत ते सगळं सांगतो, बसून ऐका.

बुनलुअमची हातगाडी इथे थायलंडच्या ईशान्येला, ईसानात, सरकारी विद्यापीठाच्या मागच्या फाटकापाशी उभी असते. भाजलेली कोंबडी, मिठात माखलेली मरळ, सोमतम म्हणजे कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर, आणि चिकट भात. त्याआधी कितीतरी वर्षं तो ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये, दुसऱ्याच्या हॉटेलात कढई हलवत होता. पोरगी कागदावर जिरापोर्न, घरी हाकेला खाओफांग, नुसतं फांगही. ती तिकडे गेली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते आणि परत आली ती बारावी होऊनच. शाळेसाठी पोहण्यात पदकं आणली, संमेलनात त्यांचं राष्ट्रगीत म्हटलं. पण कॉलेजचं नाव काढल्यावर तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या, तुम्ही परदेशी, तुम्हाला फी तिप्पट. बुनलुअमने त्या रात्रीच सामान बांधायला काढलं. "चल पोरी. आपल्या मुलखात आपल्याला परदेशी कोण म्हणतंय ते बघू!"

घरी आल्यावर विद्यापीठ निवडायचा घोळ सुरू झाला. बायको सायफोन मॉलमधल्या शिक्षण-जत्रेतून पिशवीभर रंगीत पुस्तिका घेऊन आली. एका खाजगी विद्यापीठाच्या पुस्तिकेवर तलाव होता, तलावात हंस होता आणि काठावर कॉफीचं दुकान.

"हिला बँकॉकला पाठवू," सायफोन म्हणाली. "तिथल्या गणवेशाची बटणंसुद्धा चांदीची असतात."

"बटणं चांदीची आणि बाप कथलाचा. भरणार कोण?"

"हंस बघा तरी किती गोरा आहे."

"हंसाची फीसुद्धा आपल्याकडूनच घेतात ते लोक," बुनलुअम म्हणाला. "फांग, तूच सांग. काय शिकायचंय?"

"मासे," पोरगी म्हणाली.

"भाजायला की विकायला?"

"वाढवायला, बाबा. मेकाँग नदीत आता जाळ्यात प्लास्टिकच येतं. मला मत्स्यशास्त्र करायचंय."

मत्स्यशास्त्र गाडीच्या पाठीमागेच होतं. भिंत ओलांडली की विद्यापीठाची तळी. घरचं जेवण, घरचं अंथरूण, आणि थाई माध्यमाची फी कोंबड्या विकून भरता येईल अशी. शेजारच्याच इमारतीत तोच अभ्यासक्रम 'इंटरनॅशनल' या नावाने चालायचा. शिक्षक तेच, तळी तीच, मासेही तेच. फक्त ते इंग्रजीत पोहायचे, म्हणून फी पाचपट. बुनलुअमने त्या इमारतीकडे पाठ केली आणि गाडीही फिरवून लावली.

अडचण एकच होती, प्रवेश परीक्षा थाईत. फांग ईसानी, म्हणजे इथली बोली, बोलायची ती आजीसारखी, पण लिहायला बसली की अक्षरं तिच्या हाताखालून पाय लावून पळायची. तिने वर्षभर मान मोडून अभ्यास केला. तिची मान मोडलेली सायफोनला बघवेना, म्हणून ती उठून विहारात गेली. भंतेजींनी पोरीची जन्मवेळ विचारली, डोळे मिटले आणि उघडले.

"बुधवारचा जन्म, आणि नाव जिरापोर्न? पहिल्याच अक्षरात वैरी बसवलाय की तुम्ही!"

इथे नाव बदलणं म्हणजे मोठी गोष्ट नाही. टायर बदलावा तसं बदलतात. नवरा पळाला, नाव बदल. अपघात झाला, नाव बदल. सायफोनचं स्वतःचं हे तिसरं नाव होतं. भंतेजींनी 'वोराकमोल' हे नाव दिलं, दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत चहा थंड व्हायच्या आत नवं ओळखपत्र हातात पडलं.

"आई, पण मी तीच राहणार ना?" फांगने विचारलं.

"तू तीच गं. फक्त नशीब दुसरं."

आणि नशीब खरोखर दुसरं निघालं. वोराकमोल परीक्षा पास झाली. मुलाखतीत प्राध्यापिका पियानुत यांनी विचारलं, "मत्स्यशास्त्रच का?" आपल्याकडची पोरं अशा वेळी हात जोडून देशसेवा, आईवडिलांचे उपकार असं काहीतरी पुटपुटतात. ही पर्थला वाढलेली. ती म्हणाली, "नदीत मासे राहिले नाहीत. इतकी वर्षं तुमचं खातं काय करतंय, ते आतून बघायचंय." दोन परीक्षकांचे चेहरे आंबले. पियानुतबाई मात्र खदखदून हसल्या आणि पोरीचं नाव यादीत आलं. सायफोनने विहारात केळ्यांचा घड नेऊन दिला. विद्यापीठाच्या गणवेशाचा पांढरा सदरा, काळा परकर, पट्ट्याचं बक्कल, सगळं आलं. सदऱ्याला इस्त्री होऊन तो खुंटीला लागला.

मग आली कागद जमा करायची खिडकी. खिडकीत ओरापिनताई. बुनलुअमने गाडीवरून गरम कोंबडी बांधून आणली होती. ती ताईंनी हसून आत घेतली.

"वोराकमोल. पास. अभिनंदन हं. शाळेचा दाखला?"

"हा घ्या."

"हा तर जिरापोर्नचा आहे."

"तीच ती, ताई. हा बघा नाव बदलल्याचा कागद."

"हा कागद आपला, दाखला परदेशी. परदेशी दाखला असला की त्या शाळेचं पत्र लागतं. वोराकमोल आमच्याकडे शिकली, असं त्यांनी लिहून द्यायचं."

फांगने शाळेला लिहिलं. पर्थची माणसं तत्पर. दुसऱ्याच दिवशी उत्तर: वोराकमोल नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे कधीच नव्हती. जिरापोर्नविषयी विचाराल, तर गोपनीयतेच्या नियमामुळे तिची माहिती तिऱ्हाईताला देता येत नाही. तुम्हाला शुभेच्छा.

"म्हणजे मीच माझी तिऱ्हाईत," फांग म्हणाली.

"बघा," ओरापिनताई म्हणाल्या, "शाळाच म्हणते ना, ही आमची नव्हे."

बुनलुअम आचारी माणूस. तिखट जास्त झालं तर गूळ घालावा, एवढं त्याला कळत होतं. त्याने पोरीला मागे बसवून स्कूटर थेट तालुक्याच्या कचेरीत नेली. "हिचं जुनं नाव परत द्या." तिथला कारकून फार आनंदी माणूस. त्याने मागचापुढचा एकही प्रश्न न विचारता वोराकमोलची पुन्हा जिरापोर्न केली आणि वर म्हणाला, "आणखी कोणाचं काही बदलायचंय का?"

दोघं घाम पुसत खिडकीशी आले.

"झालं, ताई. आता दाखलाही जिरापोर्न, ओळखपत्रही जिरापोर्न."

ओरापिनताईंनी कागद उलटला, सुलटला. "छान. हिची शाळा झालेली दिसतेय. पण जिरापोर्न परीक्षेला बसलेलीच नाही."

"परीक्षेला हीच बसली होती!"

"परीक्षेला वोराकमोल बसली होती. मार्क तिचे. जागा तिची. ती दुसऱ्या नावावर चढवता येत नाही."

बुनलुअमने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकले. "म्हणजे एक पोरगी शिकलेली आहे, पण पास झालेली नाही. दुसरी पास झालीय, पण शिकलेली नाही."

"आत्ता कसं नीट कळलं तुम्हाला," ताई समाधानाने म्हणाल्या.

"मी बाप आहे हो हिचा! लिहून देतो. दोघी माझ्याच."

"द्या. चालेल. तुमचं ओळखपत्र?"

त्याने ते दिलं. तीन पावसाळ्यांपूर्वी सुट्टीवर आला असताना त्याला मुतखडा झाला होता. दवाखाना बघण्याआधी सायफोनने भंतेजींना गाठलं होतं. खडा राहिला, नाव गेलं. लोक अजून बुनलुअम म्हणूनच हाक मारतात, पण कागदावर तो थनाकोर्न आहे.

"पोरीच्या जन्मदाखल्यावर बाप बुनलुअम आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

रांगेतला एकजण फिस्सकन हसला. बुनलुअमला हसू येईना, रडूही येईना. एका पोरीच्या दोन झाल्या होत्या आणि तो दोघींपैकी एकीचाही बाप उरला नव्हता. मान खाली घातली तेव्हा त्याची नजर ताईंच्या टेबलावरच्या पाटीवर गेली. 'ओरापिन' या अक्षरांची पट्टी नवीकोरी होती. तिच्या कडेने खालचं जुनं नाव डोकावत होतं.

"ताई, तुम्ही पण?"

"मागच्याच महिन्यात!" ताईंचा चेहरा उजळला. "त्याच भंतेजींनी दिलं. काय गुण आला म्हणून सांगू! कोठारातून उचलून या खिडकीत बसवलं मला."

"आणि पगार? तो नव्या नावाला येतो की जुन्या?"

"तो येतो की बरोबर. आमचं खातं आपल्या माणसांचं बघून घेतं."

बुनलुअमने कट्ट्याची कड घट्ट धरली. काही बोलला असता तर काच फुटली असती. ताईंनाही बहुधा त्याची दया आली. शिवाय कोंबडीचा वास दरवळत होता. त्या काचेच्या भोकाशी वाकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "दादा, पोरीचं वर्ष कशाला घालवता? इंटरनॅशनलला टाका. तिथे परीक्षा नको, शाळेचं पत्र नको, पासपोर्टवर काम होतं."

"आणि नाव? वोराकमोल की जिरापोर्न?"

"तिथे कोण विचारतंय? फी भरली की झालं."

इतका वेळ फांग मागे उभी होती. तिने वडिलांचा हात कट्ट्यावरून काढून आपल्या हातात घेतला. "पर्थला परदेशी म्हणाले, तिथे तिप्पट. इथे आपल्या गावात पाचपट. बाबा, मी कुठे जन्मले असते म्हणजे स्वस्त पडले असते?"

कागद जमा करायची शेवटची तारीख उलटली.

सत्र सुरू झालं. फाटकातून पांढऱ्या सदऱ्यांचे घोळके जाऊ-येऊ लागले. त्यांतली निम्मी पोरं दुपारी गाडीवर यायची आणि फांग त्यांना सोमतम कुटून द्यायची. खुंटीवरचा सदरा सायफोनने एक दिवस गुपचूप घडी करून ट्रंकेत ठेवला. त्या दिवसापासून तिने भंतेजींचं नाव काढलं नाही आणि बुनलुअमनेही तिला एका शब्दाने टोचलं नाही. टोचून उपयोग नव्हता. बाईने पोरीचं भलंच बघितलं होतं.

एका दुपारी प्राध्यापिका पियानुत गाडीवर आल्या. फांग मरळीचे खवले काढत होती. बाई बघतच राहिल्या.

"अगं, तू ती नदीवाली ना? आमच्या खात्याला झाडणारी? आलीच नाहीस तू! मी पहिले काही दिवस रोज हजेरीत नाव घेत होते. वोराकमोल, वोराकमोल. कोणी ओ देईना."

फांगने सुरी खाली ठेवली. बुनलुअमने सगळी कर्मकथा सांगितली. पाटीवरची पट्टी, मुतखडा, काही गाळलं नाही. बाईंचा घास हातातच राहिला.

"माझी जागा कोणाला दिली, मॅडम?" फांगने विचारलं.

"कोणाला नाही गं. प्रतीक्षायादी तोवर बंद झाली होती. रिकामीच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा..." बाई मध्येच थांबल्या. त्यांनी मोबाईल काढला, खात्याच्या यादीत बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वोराकमोलवर शेरा पडलाय. जागा घेऊन हजर झाली नाही, म्हणून दोन वर्षं अर्ज करायला बंदी."

कोळशावरची कोंबडी चरचरली. मग बुनलुअम एकाएकी हसला, कित्येक महिन्यांनी. "वोराकमोलला बंदी! असू दे की मॅडम, खुशाल असू दे! माझी पोरगी जिरापोर्न आहे. ती तर परीक्षेला बसलेलीच नाही, तुमच्याच खिडकीने सांगितलंय. जिरापोर्नचा अर्ज आजच भरतो!"

फांगच्याही डोळ्यांत काहीतरी हललं. तिने ओले हात पुसले.

पियानुतबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. शेऱ्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. फांगने ती अडखळत, पण मोठ्याने वाचली:

"वोराकमोल, पूर्वीचे व सध्याचे नाव जिरापोर्न. कागदपत्रांवरून दोन्ही एकच व्यक्ती असल्याची खात्री करण्यात आली आहे. बंदी दोन्ही नावांना लागू."

तर असं घालवलंत तुम्ही पोरीचं वर्ष. एक नव्हे, तीन. पोरगी तीच होती, कागद तेच होते, कचेरीही तीच. प्रवेश द्यायचा होता तेव्हा तुम्हाला त्या दोघी दिसल्या. शिक्षा द्यायची झाली तेव्हा एक दिसली. मग ही खात्री तुम्हाला शेवटच्या तारखेआधी का झाली नाही? बुनलुअम गाडी सोडून तुमच्या दारात येऊन बसलाय, पोरगी शेजारी आहे. सही कोणाची आहे त्या ओळीखाली? बाहेर या आणि सांगा.