बाबांच्या हनुवटीचे टाके

चमच्यांचा खण बाबांनी ओढला, तर तो जागचा हलेना. मुलगी सर्जन व्हायला निघाल्यापासून घरातली एकही कडी, एकही मूठ तिच्या सरावातून सुटली नव्हती. जिकडेतिकडे काळ्या रेशमी दोऱ्याच्या गाठी. या खणाची मूठही तिनं शेजारच्या कपाटाच्या मुठीला करकचून बांधून ठेवली होती. बाबांनी सगळा जोर लावला. दोरा तुटला नाही, गाठ सुटली नाही. कपाटाची मूठच स्क्रूसकट उपटली आणि थेट बाबांच्या हनुवटीवर आली.

"अहो, रक्त!" आई किंचाळली.

"रक्ताचं काय घेऊन बसलीस? गाठ बघ! लाकूड फाटलं, पण पोरीची गाठ हलली नाही!"

दवाखान्यात मुलीच्या वरिष्ठ डॉक्टरबाई हजर होत्या. त्यांनी जखम पाहिली आणि म्हणाल्या, "टाके तूच घाल. मी उभी आहे." आजवर मुलीनं स्पंजावर आणि उशीवर टाके घातले होते, जिवंत माणसाच्या तोंडावर कधीच नाही. तिनं दोऱ्याचं पाकीट दोनदा उलटसुलट करून तपासलं. बाबांना मात्र आकाश ठेंगणं झालं होतं.

"कुठला दोरा घालतेस?"

"नायलॉन."

"नायलॉन? कपडे वाळत घालायचं? घरी तर रेशमाचा सराव करतेस!"

"रेशमाची गाठ घट्ट बसते, पण ते पिळाचं असतं, पिळात जंतू दडतात. कातडीला नायलॉन बरं."

"आणि तो निळा?"

"पॉलिप्रॉपिलिन. रक्तवाहिन्या शिवायला. आत कायमचा राहतो."

"कपाटात स्टीलची तारही दिसतेय."

"छातीचं हाड बांधायला लागते. यातलं काहीच अंगात विरघळत नाही."

"मग तारच घाल ना! काम कसं टिकाऊ होईल."

"बाबा, तोंड मिटा. हनुवटी हलतेय."

चार टाके पडले. डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिले आणि नुसतं "हं" केलं. त्या "हं"नं बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बाबांचं सलून होतं, आणि तिथेच सगळं फिसकटलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं फेस लावून घेताना वर पाहिलं आणि विचारलं, "वस्तरा लागला वाटतं?" बाबा खुलासा करेपर्यंत तो टॉवेलनं तोंड पुसून पसार. दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली, की स्वतःची हनुवटी ज्याला सांभाळता येत नाही त्याच्या हाती आपला गळा कोण देणार!

"पट्टी लावा की," आई म्हणाली.

"पट्टी लावली तर टाके दिसणार कसे?"

त्यापेक्षा बाबांनी आरशावर पाटी लावली, 'ही जखम वस्तऱ्याची नाही. टाके आमच्या डॉक्टर मुलीने घातले आहेत.' मग लोक दाढी सोडून टाके बघायलाच यायला लागले. बाबा मान वर करून प्रत्येकाला नायलॉनपासून तारेपर्यंत सगळं ऐकवायचे.

टाके काढायचा दिवस उजाडला, तेव्हा बाबा न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावून बसले.

"बाबा, बाहेर या. टाके काढायचेत."

"विरघळत नाहीत ना? मग राहू देत! रक्तवाहिनीतले कुणी काढतं का?"

"ते आत असतात हो! कातडीवरचे काढावेच लागतात."

"तुझे पहिले टाके आहेत. मी नाही काढू देणार."

मुलगी दाराला टेकून उभी राहिली. तिला हसावं की रडावं कळेना. "ठेवा मग," ती म्हणाली. "फार दिवस राहिले तर दोन्ही बाजूंना वळ उठतील, शिडीसारखे. जन्मभर. आणि जो तो विचारेल, कुठल्या अडाण्यानं शिवलं हे?"

मग कडी वाजली.

"काढ," बाबा हनुवटी पुढे करून म्हणाले. "लवकर काढ. आधीच उशीर झालाय का गं?"

उशीर झाला नव्हता. काही महिन्यांत तिथे कधी काही झालं होतं यावर कुणाचा विश्वास बसेना. जुनी गिऱ्हाइकंही चष्मा लावून शोधून थकली. आठवडाभर बाबा हिरमुसले होते. दाखवायला काही उरलंच नाही! मग एका सकाळी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी पाटी बदलली, 'डॉक्टर मुलीने घातलेले टाके शोधून दाखवा. सापडल्यास दाढी फुकट.'

कुणालाच सापडेनात. बाबांची छाती रोज इंचभर फुगत होती.

एकदा दवाखान्यातून परतताना मुलगी सलूनमध्ये डोकावली. तिनं पाटी वाचली, खुर्चीत फेस लावून बसलेल्या गिऱ्हाइकाला ओलांडून पुढे आली आणि बाबांच्या हनुवटीवर बरोबर जागेवर बोट ठेवलं.

"हे काय, वण इथे आहे की!"

बाबांनी घाईघाईनं तिचा हात धरून खाली केला.

"अगं, हळू बोल! गिऱ्हाईक ऐकेल ना!"