फिलिपिनो कादंबरीचा शेवट

एका जंगलात, बाळांनो, पुस्तकांवर सगळ्यांचं फार प्रेम होतं. इतकं की त्यांना कुणी हात लावत नसे.

दर रविवारी वडाखाली वाचक मंडळ भरे. जो कुणी नव्या देशाचं पुस्तक सुचवेल, त्याला पुढच्या दगडावर बसायचा मान. रशिया घुबडानं केव्हाच उरकला होता. जपान माकडानं संपवला. कोल्होबा बिचारे देश शोधत हिंडत होते.

तिथंच साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिला एक फिलिपिनो कादंबरी सापडली आणि तिनं भलतंच केलं. ती वाचली.

बेटावरची एक म्हातारी. मुलगा बोटीवर नोकरीला गेला, त्यानं पुन्हा तोंड दाखवलं नाही. मग एका वादळात दारावर थाप पडते. म्हातारी कडीवर हात ठेवते, आणि कादंबरी संपते.

साळूबाईची झोप उडाली. दार उघडलं असेल का? कुणाशी तरी बोलायलाच हवं. तिनं पुस्तक कोल्होबांना दिलं. म्हणाली, "वाचा आणि मला सांगा."

"फिलिपाईन्स!" कोल्होबांचे डोळे चमकले. "अजून कुणी घेतला नाही ना?"

त्यांनी तळ्याकाठी पुस्तक ठेवलं, शेजारी गवती चहाचा कप, मागे मावळता सूर्य. फोटो काढला, सगळ्यांना पाठवला आणि पुस्तक तिथंच विसरून घरी गेले. सकाळपर्यंत सगळं जंगल ती कादंबरी एकमेकांना सुचवत होतं.

रविवारी कोल्होबा दगडावर बसले. बेटांच्या एकटेपणावर तासभर बोलले. हरणीनं डोळे पुसले.

साळूबाई उठली. "कोल्होबा, म्हातारीनं दार उघडलं असेल का हो?"

सगळे जमिनीकडे बघू लागले.

"साळूबाई," कोल्होबा मायेनं म्हणाले, "शेवट फोडू नये. काहींचं वाचून व्हायचंय."

"कुणाचं झालंय?" साळूबाईनं विचारलं.

असल्या उद्धटपणाला मंडळात जागा नव्हती. मंडळाचे अध्यक्ष हत्तीअण्णा यांनी तिला एकमतानं काढून टाकलं.

ती रडवेली होऊन तळ्याकाठी आली. चिखलात भिवा रेडा बसला होता. पुढ्यात तेच पुस्तक.

"साळूताई, हे इथं पडलं होतं. वाचलं मी," तो म्हणाला. "ती दार उघडणार नाही."

साळूबाईचे काटे उभे राहिले. "का नाही? आई आहे ती."

"आई आहे म्हणूनच. उघडलं आणि दारात तो नसला तर?"

"तुम्हाला काय कळतंय हो, भिवादादा?"

"बरं, मग तुम्ही सांगा."

अंधार पडेपर्यंत दोघं कचाकचा भांडले. इतक्या आनंदात साळूबाई कधीच नव्हती.

वडाखाली ठराव झाला: तळ्याकडे कुणी फिरकू नये, तिकडं पुस्तकं वाचतात.

तात्पर्य: बाळांनो, पुस्तक खुशाल सुचवावं, वाचू मात्र नये. वाचणाऱ्याला बसायला दगड मिळत नाही, आणि चिखलात भांडायची खोड लागते ती वेगळीच.