डॉक्टरांनी वाचायला सांगितलंय

दातांच्या डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये असं मला वाटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत वाचायला काय असतं, तर हिरड्यांचे रोग. चित्रांसकट. म्हणून दाढ दाखवायला निघताना मी घरातली एक रहस्यकथा काखोटीला मारली.

ती कुणाची, हे सांगून उपयोग नाही. तुम्ही नाव ऐकलेलं नसणार, आणि ऐकलेलं असतं तर मी ती सुचवलीच नसती. निवृत्त झाल्यापासून मी हेच काम अंगावर घेतलंय. दुकानात ज्यांची पुस्तकं मागच्या फळीवर धूळ खात उभी असतात, अशा लेखकांच्या रहस्यकथा लोकांच्या गळ्यात मारणं. (‘गळ्यात मारणं’ हा घरच्यांचा शब्द. मी ‘शिफारस’ म्हणतो. नोकरीत माझ्या शिफारशीवर साहेब निदान ‘पाहिले’ असा शेरा तरी मारत.)

या कादंबरीत बर्फात अडकलेलं एक जहाज आहे. कप्तानाचा खून झालाय, पळायला जागा नाही, आणि रोज संध्याकाळी सगळे खलाशी एकाच टेबलाशी, एकमेकांच्या ताटाकडे बघत जेवतात. एवढं ऐकून कुठल्याही जिवंत माणसाने पुस्तक हातातून हिसकावून घ्यावं. बायको म्हणाली, “एवढा चांगला लेखक असता तर नाव नसतं का ऐकलं?”

ज्याचं नाव झालंय त्याला माझी शिफारस कशाला लागते, हे मी तिला वर्षानुवर्षं समजावतोय. ते पुस्तक मी तिच्या उशाशी ठेवून पाहिलं, शिवणयंत्रावर ठेवून पाहिलं, शेवटी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. तिथे मात्र तिने ते लगेच उचललं आणि दुधाच्या पातेल्यावर झाकलं. तेव्हापासून मुखपृष्ठावरच्या जहाजामागे पातेल्याच्या काठाएवढा एक गोल चंद्र उगवलेला आहे.

मी पुढे केलेलं पुस्तक डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिलं, चंद्राचं कौतुक केलं आणि ठेवून घेतलं. मी तरंगतच घरी आलो. एक तरी वाचक मिळाला होता.

पुढच्या भेटीला त्यांनी दाढ कोरायला घेतली. माझ्या तोंडात कापूस, एक नळी, एक आरसा आणि डॉक्टरांची बोटं. अशा मोक्याला ते म्हणाले, “काका, मी अर्ध्यावर आलोय. स्वयंपाक्यानेच मारलं ना कप्तानाला?”

रहस्यकथेचा शेवट सांगणाऱ्याला मी माणसांत धरत नाही. ‘ते मला विचारू नका,’ एवढंच मला म्हणायचं होतं, पण तोंडात शब्दाला जागा नव्हती. मी जोरात मान हलवली. यंत्र घसरलं आणि शेजारच्या धडधाकट दाढेचा कोपरा उडाला.

डॉक्टर हळहळतील, निदान माफी मागतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, “म्हणजे स्वयंपाकी नाही. मग तो दुर्बीणवाला खलाशीच असणार.” आणि औषध जरा मुरू द्या असं सांगून पडद्याआड गेले. औषध चांगलंच मुरलं. पडद्यामागून पानं उलटल्याचा आवाज येत होता आणि मी इकडे आ वासून छताकडे बघत होतो. दवाखाना झाडायला आलेल्या बाईंनी मला पाहिलं नसतं, तर अजूनही तसाच असतो.

(मारलं स्वयंपाक्यानेच होतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्ही तरी कुठे वाचणार आहात!)

पुढे काही दिवसांनी बायको दात साफ करून घ्यायला त्याच डॉक्टरांकडे गेली. परत आली ती थेट खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. चहाची वेळ आली आणि गेली, चहा आला नाही. मधेच उठून तिने दूध तापत ठेवलं होतं, पण त्याच्याकडेही तिचं लक्ष नव्हतं. बायको वाचत होती.

“डॉक्टरांनी वाचायला सांगितलंय,” ती मान वर न करता म्हणाली. “शेवटपर्यंत पत्ता लागत नाही म्हणे.”

मी चंद्र ओळखला. “अगं, हे आपलंच पुस्तक. त्यांनी ते परत पाठवलंय.”

“असेल. पण वाचा म्हणून त्यांनी सांगितलं.”

“आणि मी इतकी वर्षं काय सांगत होतो?”

“तुम्ही सगळंच वाच म्हणता. डॉक्टर उगाच काही सांगत नाहीत.”

ज्या माणसाने उगाच माझी चांगली दाढ फोडली, त्याच्याबद्दल हे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात केलं नव्हतं ते मी केलं. “स्वयंपाक्यानेच मारलंय त्याला,” मी म्हणालो, आणि आता ती पुस्तक मिटेल म्हणून वाट बघत उभा राहिलो.

तिने पान उलटलं. “डॉक्टरांनी बजावलं होतं मला. काकांना शेवट विचारू नका, धडधडीत खोटं सांगतात. त्यांनाही फसवलंत ना? चला, स्वयंपाकी तर सुटला बिचारा.”

या वेळी माझ्या तोंडात कापूस नव्हता, नळी नव्हती, काहीच नव्हतं. तरीही मी आ वासूनच उभा होतो.

“उभेच आहात तर दूध उतरवा,” ती म्हणाली. “आणि झाकून ठेवा.”

मी दूध उतरवलं. झाकायला मात्र काही सापडेना. झाकण ती वाचत होती.