महोत्सवातली एकमेव खेळाडू

जगात जे जे खेळण्यासाठी म्हणून बनवलं जातं, ते आधी कुणीतरी गंभीरपणे तपासून घ्यावं लागतं. नाहीतर माणसं सरळ खेळतच सुटतील, आणि मग संस्थांनी करायचं काय? याच उदात्त चिंतेतून ‘विभागीय स्वतंत्र व विद्यार्थी संगणक-खेळ निर्माते स्पर्धा आणि महोत्सव’ जन्माला आला. एवढं नाव एका फलकावर मावेना, म्हणून ‘महोत्सव’ हा शब्द दाराच्या आतल्या बाजूला लावला होता. त्यामुळे आत जाताना स्पर्धा दिसायची आणि बाहेर पडताना महोत्सव. पुष्कळांना ही व्यवस्था फार अर्थपूर्ण वाटली.

नियमावली तर अशी की डोळे भरून यावेत. ‘स्वतंत्र निर्माता’ म्हणजे ज्याच्या खेळासाठी कुणीही पैसे दिलेले नाहीत असा इसम, आणि ‘विद्यार्थी निर्माता’ म्हणजे ज्याच्या खेळासाठी आईवडिलांनी दिलेले आहेत असा इसम. निर्मात्याने आपलं टेबल सोडू नये. सोडल्यास तो स्पर्धेतून बाद (रिकामी टेबलं फोटोत वाईट दिसतात). प्रत्येक खेळ निर्मात्याचा नातेवाईक नसलेल्या कुणीतरी परीक्षकांसमोर शेवटपर्यंत खेळलाच पाहिजे. तसं न झाल्यास तो खेळ नसून ‘प्रात्यक्षिक’ समजला जाईल. परीक्षकांनी मात्र स्वतः खेळू नये. खेळल्याने खेळ आवडतो, आवडल्याने पक्षपात होतो, आणि पक्षपात झाला की निकालावर मनापासून सही करता येत नाही.

एकेक नियम सुटा पाहिला तर सोन्यासारखा. सगळे एकत्र आले तेव्हा एवढंच झालं, की सभागृहात छत्तीस टेबलं, टेबलांमागे निर्माते, समोर तीन परीक्षक, आणि खेळाडू एकही नाही. ज्यांना अशा खेळांची आवड होती ते सगळे स्पर्धक म्हणून आले होते. ज्यांना नव्हती ते आले नव्हते. सचिवांनी ध्वनिक्षेपकावरून खुलासा केला, “प्रतिसाद उदंड आहे. फक्त तो टेबलांच्या मागच्या बाजूला आहे.”

अशा वेळी दारातून एक बाई आत आल्या. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसणाऱ्या, आवाज इतका मऊ की रुग्णांना काचेला कान लावावा लागायचा. अर्धी रजा टाकून आल्या होत्या, कारण लेक लॅपटॉपचा चार्जर घरी विसरली होती.

“हा घे. आणि सकाळपासून काही खाल्लंस का?”

“आई, हळू! सगळे बघतायत.”

आईने मागे वळून पाहिलं. सगळे खरंच बघत होते. पण लेकीकडे नाही, आईकडे. ओसाड बेटावर अडकलेली माणसं जहाजाकडे पाहतात तसे.

सचिव धावतच आले. “ताई, आपण खेळणार ना?”

“मला नाही हो येत त्यातलं काही.”

“उत्तम! म्हणजे पूर्वग्रह नाही!” असं म्हणून सचिवांनी त्यांच्या खांद्यावर ‘खेळाडू’ असा बिल्ला टोचलासुद्धा.

आई लेकीकडे पाहून म्हणाल्या, “तुझाच खेळते की मग. तुझं काम होईल.”

काम होणं जरुरीचं होतं. लेकीने आणि तिच्या प्रकल्पातल्या जोडीदाराने (ज्याने हात लावला की चालत्या प्रोग्रॅममध्ये बग निघून तो बंद पडतो, म्हणून सगळे त्याला बग्या म्हणत) मिळून वर्षभर खपून एक खेळ केला होता. घर बदलताना या मायलेकींनी लोखंडी कपाट स्वतः तीन जिने खाली आणलं होतं; वळणावर ते असं अडकलं की दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या. खेळ तोच. दोन खेळाडू, दोन टोकं, एक जिना. कॉलेजच्या सरांनी तो पाहून विचारलं होतं, “यात शास्त्र काय आहे?” मग उदार होऊन म्हणाले होते, “महोत्सवात त्याला खेळ म्हणून दाखला मिळाला तर प्रकल्प मान्य. नाहीतर सोमवारपासून बाकीच्यांसारखी हजेरीची प्रणाली करायला घे.” (त्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी बनवलेल्या अकरा हजेरी-प्रणाली होत्या. हजेरी सर नावं पुकारून घेत.)

“तुला चालत नाही आई,” लेक म्हणाली. “नातेवाईक ना तू.”

“अगं बाई,” आई म्हणाल्या, आणि पुढे काही बोलणार तोच शेजारच्या टेबलावरून हाक आली, “मावशी, आमच्याकडे या ना!”

“मावशी, आधी इकडे! आमचा छोटासाच आहे!”

“मावशी, त्यांच्याकडे नका जाऊ, त्यांचा मध्येच बंद पडतो!”

“तुझा सुरू तरी होतो का रे?”

आईला नाही म्हणता येत नसे. त्या पहिल्या टेबलापाशी बसल्या, आणि संगणक-खेळांच्या इतिहासात आजवर न घडलेल्या गोष्टी घडू लागल्या. तिथे राक्षस मारायचे होते. आईने एकही मारला नाही. प्रत्येकाच्या कडेकडेने अंग चोरून निघाल्या. “तो त्याच्या वाटेनं चाललाय बापडा, कशाला उगाच?” अशा रीतीने त्या शेवटच्या दारातून बाहेर पडल्या. हे शक्य आहे याची निर्मात्यांना कल्पनाच नव्हती.

पुढच्या टेबलावर एक उदास माणूस पावसात, अंधारात, हातात बॅटरी घेऊन एकटाच चालला होता. (छत्तीसपैकी चौदा खेळांत हाच माणूस होता. बॅटऱ्या वेगवेगळ्या होत्या.) आईने त्याला पहिल्याच पावलाला मागे वळवलं. “दार उघडंच टाकून निघालाय. आत पाणी येईल ना.” दार लावायची सोय खेळात नव्हती. ती निर्मात्याने तिथल्या तिथे, आईच्या देखत, घाम पुसत करून दिली. दार लागलं, माणूस घरातच राहिला, आणि पडद्यावर ‘समाप्त’ अशी अक्षरं उमटली. निर्माता हळूच म्हणाला, “हाच शेवट बरा आहे, मावशी. मी दोन वर्षं शोधत होतो.”

कुरिअर पोचवणारी गोगलगाय, कबुतराची माफी मागायचा खेळ, रडणाऱ्या लिफ्टला समजावण्याचा खेळ, सगळीकडे आईला बोलावणं. परीक्षक मागे खुर्च्या सरकवत फिरत होते. तिघांत एक शिक्षणसंस्थेचे प्रमुख होते, एक गाद्यांचे कारखानदार (प्रायोजक), आणि एक तज्ज्ञ, ज्यांनी खेळांमुळे तरुण पिढीचं वाटोळं कसं होतं यावर जाड पुस्तक लिहिलं होतं आणि त्यामुळे खेळ या विषयावर त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नव्हता. आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिघे गुण देत. आई हसल्या की आठ, कौतुकाने मान हलवली की नऊ.

गोगलगाय अर्ध्या रस्त्यात असताना गाद्यांच्या कारखानदारांनी हात वर केला. “हरकत आहे. नातेवाइकाला मनाई आहे ना? मग या बाई इथं सगळ्यांच्याच मावशी कशा?”

मुद्दा बिनतोड होता. समिती आतल्या खोलीत बसली. चहा झाला. मग पुन्हा चहा झाला. अखेर ठराव वाचून दाखवण्यात आला : ‘जी सर्वांची सारखीच मावशी, ती कुणाचीच खास मावशी नव्हे. सबब पस्तीस टेबलांना मान्यता. ज्या टेबलावर सदर खेळाडूस आई म्हणतात, ते टेबल वगळून.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या, आधी लक्षात न आल्याने.

निकाल पाचला होता. साडेचारला पस्तिसावं टेबल उरकलं (तिथला निर्माता आलाच नव्हता, नुसताच संगणक सुरू होता, आईने त्यालाही नमस्कार करून खेळ पुरा केला). मग त्या लेकीच्या टेबलापाशी येऊन बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून, कुठे चुकून लागू नयेत म्हणून.

सचिव तसे मनाने चांगले. ते खाली वाकून कुजबुजले, “एक मार्ग आहे. कुमारीने दोन साक्षीदारांसमोर यांना मावशी म्हणावं. मग नियमात बसतं.”

लेकीने आईकडे पाहिलं. “म्हणू?”

“म्हण की. त्यानं का मी बदलणार आहे?”

लेकीने श्वास घेतला. सोमवार डोळ्यांपुढे आणला, बारावी हजेरी-प्रणाली आणली. “मा…” म्हणाली, आणि तोंडावर हात दाबून खुदखुदली. आईला तिच्यावरून हसू आलं. लेकीने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा आईचा चेहरा पाहिला, आणि आता दोघींनाही आवरेना. बग्या टेबलाखाली जाऊन हसला. सचिवांनी नोंद केली : ‘उमेदवाराने नाते सोडण्यास असमर्थता दर्शवली.’

पावणेपाच झाले. बग्याने हताश होऊन कपाटाचं एक टोक एकट्यानेच उचललं. दुसरं टोक पायऱ्यांवरून धडाधड आपटत निघालं. आईला ते बघवेना. त्यांनी फक्त मान वळवली आणि गोगलगायवाल्या दोन पोरांना म्हणाल्या, “अरे, जरा हात लावता का रे? कपाट आहे.”

खेळायला नाही म्हणणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. मावशींनी कपाटाला हात लावायला सांगितल्यावर नाही म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे. दोघे टेबल सोडून धावले. बग्याच्या हातातलं टोक एकाने घेतलं, लोंबकळणारं दुसऱ्याने. आणि कपाट उतरताना दिसलं की आणखी एक गोष्ट आपोआप होते : बघणाऱ्यांना राहवत नाही.

“डावीकडून घे!”

“कुणाच्या डावीकडून?”

“कपाटाच्या!”

“कपाटाला डावं असतं का रे माठ्या?”

राक्षसवाले आले. चौदाही उदास माणसांचे निर्माते आले, चेहरे उजळून. कपाट दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या घरात घुसलं आणि त्यांचा पडदा अंगावर घेऊन बाहेर आलं. सभागृह खदाखदा हसत होतं. मग वळण आलं आणि कपाट अडकलं. गच्च.

“तिरपं करा!” संस्थाप्रमुख खुर्चीवर उभे राहून ओरडले.

“तिरपंच आहे, सर!”

“मग सरळ करा!”

“गादी टाका खाली!” हे कारखानदार.

तज्ज्ञांचा संयम सुटला. “सोडा, सोडा, तुम्हाला नाही जमायचं,” म्हणत त्यांनी पोराच्या हातातून कळफलक हिसकावला, आणि तरुण पिढीचं वाटोळं कशाने होतं ते प्रथमच स्वतःच्या बोटांनी चाचपलं. कपाट गोल फिरलं. तज्ज्ञांची जीभ बाहेर आली होती. “अरे पकड ना तू तुझं टोक! झोपलास काय?”

“आधी वरची बाजू उचला!!”

सगळ्यांनी माना वळवल्या. एवढा मोठा आवाज कुणाचा, म्हणून लेकीनेही इकडेतिकडे पाहिलं. आईचा होता. आईने स्वतः दचकून तोंडावर पदर धरला. पण वरची बाजू उचलली गेली, कपाट वळलं, आणि घसरत, डुलत, पडद्यासकट तळमजल्यावर टेकलं. पडद्यावर अक्षरं आली : ‘शाब्बास! आता आरसा वरच राहिलाय.’

त्या क्षणी सभागृहात जो गलका झाला, त्याला नियमावलीत शब्द नाही.

समिती पुन्हा आत बसली. या वेळी चहाला वेळ नव्हता. निर्णय पुढीलप्रमाणे : कपाटाकडे धावलेल्या सर्व स्पर्धकांनी टेबल सोडलं, सबब ते सर्व बाद. गोगलगायवाले बाद झाल्यामुळे स्पर्धक उरले नाहीत, सबब ते तिऱ्हाईत. तिऱ्हाइताने कपाट उतरवलं, सबब कपाट हा खेळ आहे, तसा दाखला द्यावा. तज्ज्ञांना खेळ आवडल्याचं उघड झाल्याने त्यांचे गुण रद्द (तज्ज्ञ बैठकीला नव्हते, ते आरसा आणायला गेले होते). आई ओरडल्या हा हस्तक्षेप धरावा काय, यावर बरीच चर्चा झाली. हस्तक्षेप धरला तर उरलेले दोन परीक्षकही दोषी ठरत होते. म्हणून व्याख्या करण्यात आली : हात न लावता सूचना करणारी व्यक्ती ही परीक्षक होय. आणि परीक्षकाच्या मुलीला बक्षीस देणं बरं दिसत नाही, म्हणून पहिलं बक्षीस पस्तिसाव्या टेबलाला गेलं. तो निर्माता आलाच नव्हता, त्यामुळे त्याने टेबल सोडल्याचा पुरावा नव्हता.

सोमवारी सरांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि प्रकल्प मान्य केला. लेकीने बाहेर येऊन दार लोटल्यावर थोड्या वेळाने आतून सरांचा आवाज आला, “अहो, हे दुसरं टोक कुणी धरायचं असतं?” लेक हसत परत आत गेली.

महोत्सव यंदाही आहे. खेळाडूंची अडचण कायम आहे. परीक्षकांची मात्र मिटली. कपाट वळणावर अडकलेलं असताना ज्यांनी बसल्या जागेवरून, मनातल्या मनात का होईना, ‘अहो तिरपं करा’ म्हटलं आणि बोटही उचललं नाही, त्या सर्वांची निवड एकमताने झाली आहे. आपलं नियुक्तिपत्र वेगळं पाठवलं जाणार नाही. आपण इथपर्यंत वाचलंत, ही पोच समितीला पुरेशी आहे.